शेतमाल व्यापारात नव्याने उतरणाऱ्यांसाठी: भावनोंद, पडतळ आणि निर्णयवही मोबाइलवर कशी उभी करावी

वाशीम, अकोला, यवतमाळ, वर्धा, बुलडाणा या पट्ट्यातील तालुक्याच्या बाजार समितीत ज्यांनी नुकताच व्यापारी परवाना काढला आहे, खेडा खरेदी (गावोगावी जाऊन केलेली खरेदी) सोडून जे यार्डातील हर्रासात (लिलावात) उभे राहू लागले आहेत, किंवा ज्यांच्याकडे एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदीची जबाबदारी आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. या व्यापारात आता माहितीची टंचाई राहिलेली नाही. हर्रास सुरू होण्याआधीच लातूरच्या सोयाबीन प्रक्रिया प्लांटचा भाव, शिकागोच्या सोयाबीन बाजाराचा बंद भाव, अकोल्याच्या ढेपेचा वायदा (पुढील तारखेच्या सौद्याचा भाव) आणि जिनिंगवाल्यांचे दर मोबाइलवर येऊन पडलेले असतात. टंचाई असते ती वेगळ्याच गोष्टीची: मागच्या महिन्यात आपण अमुक माल अमुक भावाने का घेतला, हे आज कोणालाही नेमके सांगता येत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सौद्याचा नफातोटा सापडतो, पण त्यामागचा विचार तेथे नसतो.

त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एक स्प्रेडशीट, एक फॉर्म, चार्टचे एक संकेतस्थळ आणि सरकारी भावाची दोन संकेतस्थळे एवढे पुरते.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- स्वतंत्र गूगल खाते, जे केवळ व्यापारासाठी वापरले जाईल. घरातील मुलांच्या मोबाइलवर चालणारे खाते नको.
- गूगल शीट्स आणि गूगल फॉर्म्स. संगणक असल्यास उत्तम, कारण सूत्रे बसवताना मोठा पडदा लागतो. रोजची नोंद मात्र मोबाइलवरूनच होते.
- ओलावा मोजण्याचे यंत्र आणि छोटा इलेक्ट्रॉनिक काटा.
- बाजार समितीचा परवाना, पॅन, जीएसटी नोंदणी आणि चालू खाते यांची कागदपत्रे स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये.
- वायदे बाजारात उतरायचे असेल तरच सेबीकडे (भांडवल आणि वायदे बाजारांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी असलेल्या दलालाकडे उघडलेले खाते. केवळ भाव पाहण्यासाठी आणि चार्ट वाचण्यासाठी असे खाते लागत नाही, त्यामुळे पहिल्या हंगामात ते उघडण्याची घाई करू नये.

१. भावनोंदीची शीट तयार करा

पहिल्या शीटमध्ये रोज प्रत्येक मालाची आणि बाजाराची एकच ओळ भरायची. तारीख, माल, बाजार, आवक, किमान भाव, कमाल भाव, सर्वसाधारण भाव आणि प्लांटचा किंवा जिनिंगचा पोच भाव (माल तेथे पोचवल्यावर मिळणारा भाव) एवढे रकाने पुरेसे आहेत. आपला स्वतःचा बाजार, शेजारचा एक मोठा बाजार आणि ज्या ठिकाणी आपला माल अखेर जातो ते ठिकाण, या तीनच जागांचे भाव नोंदवावेत. दहा बाजारांचे भाव गोळा करणारी शीट बहुधा आठवडाभरातच बंद पडते.

सरकारी आकडे केंद्र सरकारच्या अॅगमार्कनेटवर आणि महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय ऑनलाइन कृषी बाजार योजनेच्या अॅपवरही त्या योजनेत असलेल्या बाजारांचे भाव दिसतात. हे आकडे उतरवताना तीन ठिकाणी घोळ होतो. एका संकेतस्थळावर आवक टनांत असते आणि दुसऱ्यावर क्विंटलमध्ये, त्यामुळे दोन्ही एकाच रकान्यात गेले की आवक अचानक दहापट वाढलेली किंवा घटलेली दिसते. दुसरे म्हणजे सर्वसाधारण भाव ही किमान आणि कमाल यांची सरासरी नव्हे. ज्या भावाने अधिकांश माल विकला गेला तो हा भाव असतो, म्हणून तो सूत्राने काढू नये, जसा दिला आहे तसाच लिहावा. तिसरे, ओला माल आणि कोरडा माल एकाच नावाखाली नोंदला जातो, म्हणूनच ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सोयाबीनचा किमान भाव पाहून घाबरण्याचे कारण नसते.

शीट उघडल्याबरोबर सेटिंगमध्ये जाऊन देश म्हणून भारत निवडावा. तेथे अमेरिका राहिले तर ५ नोव्हेंबर ही तारीख ११ मे म्हणून नोंदली जाते आणि महिन्याच्या १३ तारखेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. मालाची नावे हाताने टंकण्याऐवजी निवडयादी लावावी, कारण ‘सोयाबीन’ आणि ‘सोयाबिन’ हे शीटच्या दृष्टीने दोन वेगळे माल आहेत. आकडेही इंग्रजी अंकांतच भरावेत. देवनागरी अंकांना शीट अनेकदा मजकूर समजते आणि बेरीज शून्य येते.

२. पडतळीची शीट: सर्वांत जास्त वेळ येथे द्या

भाव माहीत असणे आणि पडतळ, म्हणजे घट आणि सर्व खर्च धरून माल आपल्याला खरोखर कितीला पडतो तो आकडा, माहीत असणे यांत मोठे अंतर आहे. हर्रासात बोली लावताना जुने व्यापारी हा हिशेब मनातल्या मनात करतात; नव्या माणसाने तो मोबाइलवर उभा करून ठेवावा आणि बोली लावण्यापूर्वी दोन आकडे टाकून उत्तर पाहावे.

सोयाबीनपासून सुरुवात करू. समजा, १४ टक्के ओलाव्याचा माल ४,५०० रुपये क्विंटलने मिळतो आहे आणि प्लांट १० टक्क्यांच्या मालाचा भाव देतो. अनेक जण १४ मधून १० वजा करून ४ किलो घट धरतात. प्रत्यक्षात १०० किलो मालात ८६ किलो कोरडा भाग असतो आणि तो १० टक्के ओलाव्यावर आणला की ८६ भागिले ०.९०, म्हणजे ९५.५६ किलो माल उरतो, घट ४.४४ किलो होते. म्हणून कोरड्या मालाची खरी किंमत ४,५०० भागिले ०.९५५६, म्हणजे सुमारे ४,७०९ रुपये पडते. त्यावर बाजार समितीचे शुल्क, हमाली, बारदाना, वाहतूक आणि व्याज चढवायचे. शीटमध्ये ओलाव्याचा रकाना आणि भावाचा रकाना पिवळ्या रंगाचे ठेवावेत, बाकी सर्व सूत्रे कुलूपबंद करावीत, म्हणजे गर्दीत चुकून बोट लागून सूत्र पुसले जाणार नाही.

कापसात उतारा, म्हणजे १०० किलो कापसातून किती किलो रुई निघते, हा निर्णायक आकडा असतो. उदाहरणादाखल कापूस क्विंटलला ७,५०० रुपये, जिनिंग-प्रेसिंगसह खर्च ३०० रुपये, सरकी ३५ रुपये किलो आणि घट २ किलो धरू. रुईचा उतारा ३४ टक्के असेल तर ६४ किलो सरकीचे २,२४० रुपये वजा जाऊन ५,५६० रुपयांत ३४ किलो रुई पडते, म्हणजे किलोला सुमारे १६३.५० रुपये आणि ३५६ किलोच्या खंडीला ५८,२०० रुपयांच्या आसपास. तोच उतारा ३३ टक्के धरला की खंडी ५९,६०० रुपयांना पडते. एका टक्क्याने खंडीमागे सुमारे १,४०० रुपयांचा फरक पडत असेल, तर पहिल्या वेच्याचा कापूस आणि फरदडीचा (हंगाम संपल्यावरही राखलेल्या झाडांचा) कापूस एकाच उताऱ्याने मोजणारी शीट कितीही देखणी असली तरी तिचा उपयोग नाही. उताऱ्यासाठी जिनिंगवाल्याच्या शब्दावर न थांबता प्रत्येक वेच्यागणिक स्वतंत्र रकाना ठेवावा.

हमीभावाचा रकानाही याच शीटमध्ये असावा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये, तुरीचा ८,००० रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये होता. नवे दर जाहीर झाले की हा रकाना बदलावा. भारतीय कापूस महामंडळाचे हमीभाव खरेदी केंद्र तालुक्यात चालू असताना चांगला कापूस तिकडे वळतो आणि यार्डात उरलेल्या मालाची प्रत बदलते. केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात होते आणि त्यापुढचा कापूस परत जातो. परत गेलेली ती गाडी संध्याकाळी आपल्याच दारात उभी राहते, हे हिशेबात धरलेले बरे.

३. चार्ट पाहा, पण मोजकेच

ट्रेडिंगव्ह्यूसारख्या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून एक यादी बनवता येते. विनामूल्य खात्यात परदेशी बाजाराचे भाव काही मिनिटे उशिरा दिसतात, पण हाजिर (प्रत्यक्ष देवघेवीच्या) मालाच्या व्यापाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. यादीत शिकागोचे सोयाबीन आणि सोयातेल, न्यूयॉर्कच्या आयसीई या वायदे बाजारातला कापूस आणि डॉलर-रुपया ठेवावेत. सरकी ढेपेचा एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवरील वायदा अकोल्याच्या भावावर आधारलेला असल्याने कापसाच्या व्यापाऱ्याने तो अवश्य पाहावा.

आयसीईचा भाव पौंडाला सेंट असा असतो. एका खंडीत सुमारे ७८४ पौंड होतात, म्हणून सेंटच्या आकड्याला ७.८४ ने आणि मग डॉलरच्या दराने गुणले की खंडीचा भाव मिळतो. ६५ सेंट आणि डॉलर ८५ रुपये धरला तर तो सुमारे ४३,३०० रुपये येतो. डॉलरचा चालू दर शीटमध्ये गूगलफायनान्सच्या सूत्राने आपोआप आणता येतो.

सोयाबीनच्या बाबतीत शिकागोच्या भावाशी आपल्या भावाची थेट तुलना करू नये. दोन्ही बाजारांना जोडणारा धागा तेलाच्या आयातीतून आणि डीओसीच्या (तेल काढलेल्या सोयापेंडेच्या) निर्यातीतून जातो. आपल्याकडील सोयाबीनच्या वायद्याचा चार्ट शोधत बसण्यातही नव्या माणसाचा वेळ जातो, म्हणून सांगतो: २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले आणि पुढे ती मुदत वेळोवेळी वाढवली. तुरीचे वायदे तर २००७ पासूनच बंद झाले. त्यामुळे तुरीसाठी आपली भावनोंदीची शीट हाच चार्ट.

चार्टवर रेषा आखण्याचा छंद लवकर जडतो. मालाची आवक, प्लांटचे गाळप आणि सरकारी धोरण यांपुढे त्या रेषांचे वजन या व्यापारात फारसे नसते, असे माझे मत आहे.

४. धोरणांची तारीखवही ठेवा

गूगल कॅलेंडरमध्ये ‘धोरण’ या नावाचे वेगळे कॅलेंडर उघडावे. त्यात घोषणा झाल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि त्या दिवशीचा आपल्या बाजाराचा भाव लिहावा. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले आणि नंतर ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. ज्याने केवळ पहिली मुदत लक्षात ठेवून माल धरून ठेवला असेल त्याचे गणित मध्येच बदलले. ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडेच्या आयातीला मिळालेली परवानगी किंवा १४ सप्टेंबर २०२४ पासून खाद्यतेलावर वाढलेले आणि ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावर पुन्हा उतरलेले शुल्क, अशा जुन्या तारखाही भरून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या घोषणेच्या वेळी बाजार किती दिवसांत किती हलतो याचा अंदाज आपल्या स्वतःच्या आकड्यांवरून घेता येतो.

साठामर्यादेची नोंदही येथेच करावी. जून २०२४ मध्ये तूर आणि हरभऱ्यावर मर्यादा आली तेव्हा घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचा २०० टनांपर्यंतच साठा ठेवता येत होता आणि केंद्राच्या पोर्टलवर तो जाहीर करावा लागत होता. गोदामातील साठा शीटमध्ये रोज अद्ययावत असेल तर अशा वेळी धावपळ होत नाही.

५. निर्णयवही: सौदा होण्याआधी लिहायची

एवढी तयारी सगळेच करतात किंवा करू शकतात. अडते ते येथे. निर्णयवही म्हणजे गूगल फॉर्म, ज्याचा दुवा मोबाइलच्या पहिल्या पानावर ठेवायचा आणि मोठा सौदा करण्याआधी दोन मिनिटांत भरायचा. फॉर्मची उत्तरे तारीख-वेळेसह आपोआप शीटमध्ये जातात आणि ती वेळच महत्त्वाची असते, कारण सौदा फसल्यानंतर लिहिलेले कारण कधीच खरे नसते. फॉर्ममधील ‘उत्तर नंतर बदलता येईल’ ही सोय बंद ठेवावी.

रकाने असे असावेत: माल, वजन, भाव, आपल्या यंत्रावरचा ओलावा, पडतळ, अपेक्षित विक्री भाव, किती दिवसांत, कारणाचा प्रकार, कारण एका वाक्यात, आणि ‘कोणती गोष्ट घडली तर माझा अंदाज चुकला असे मी मानीन’. कारणाच्या प्रकारासाठी निवडयादी द्यावी: आवक, प्रत, पडतळ, धोरण, परदेशी बाजार, ऐकीव. ‘ऐकीव’ हा पर्याय पाहून कोणी हसेल, पण तो ठेवावाच. व्हॉट्सअॅपवर आलेल्या संदेशावरून घेतलेला माल ‘धोरण’ या नावाखाली लपवला तर पुढचा आढावा निकामी होतो.

भरलेली नोंद कशी दिसावी याचा एक नमुना देतो. “सोयाबीन १०० क्विंटल, भाव ४,५००, ओलावा १४, कोरडी पडतळ ४,७०९, इतर खर्च वेगळा. कारण: आवक. दिवाळीनंतर कास्तकाराची निकड संपली की आवक निम्म्यावर येईल आणि प्लांटचे गाळप चालू राहील, म्हणून ३० दिवसांत ४,९५० मिळावेत. १५ दिवसांत आवक घटली नाही, किंवा प्लांटचा भाव ४,६०० च्या खाली गेला, तर अर्धा माल विकायचा.” यात ‘बाजार सुधारेल’ असे वाक्य नाही, हे लक्षात घ्यावे. ज्या वाक्याला तारीख आणि आकडा नाही ते पुढे तपासता येत नाही.

न केलेल्या सौद्यांचीही नोंद ठेवावी, निदान आठवड्यातून दोन-तीन. सोडलेल्या मालाचा भाव पुढे काय झाला हे पाहिल्याशिवाय आपण उगाच भितो की योग्य जागी थांबतो, ते कळत नाही.

लहान खरेदीसाठी हा फॉर्म भरू नये. दिवसभरात चार-चार चुंगड्यांचे (पोत्यांचे) पन्नास सौदे होतात. त्या प्रत्येकाला कारण लिहीत बसलात तर फॉर्म आणि धंदा दोन्ही राहून जातील. आपल्या भांडवलाच्या दहाव्या भागापेक्षा मोठा सौदा आणि माल साठवण्याचा प्रत्येक निर्णय, एवढीच मर्यादा सुरुवातीला ठेवावी.

६. आढावा कसा घ्यावा

बाजार बंद असेल त्या दिवशी अर्धा तास काढून, पूर्ण झालेल्या सौद्यांसमोर चार रकाने भरावेत: प्रत्यक्ष विक्री भाव, लागलेले दिवस, ‘लिहिल्याप्रमाणे वागलो का’, आणि साठवणुकीचा निव्वळ फायदा. हा शेवटचा आकडा काढताना खरेदीच्या भावाशी तुलना करायची नाही. ज्या दिवशी माल घेतला त्याच दिवशी प्लांटला दिला असता तर जे मिळाले असते, त्यात व्याज, गोदामभाडे आणि घट मिळवून येणाऱ्या रकमेशी विक्री भावाची तुलना करायची. १२ टक्के वार्षिक व्याजाने ४,७०० रुपयांच्या मालावर महिन्याला ४७ रुपये चढतात. दोन महिन्यांनी ७० रुपये जास्त मिळाले म्हणून जो सौदा नफ्याचा वाटतो, तो या रकान्यात तोट्यात दिसतो.

त्यानंतर प्रत्येक सौदा चार खान्यांपैकी एकात टाकावा: विचार बरोबर आणि नफा, विचार बरोबर पण तोटा, विचार चूक आणि तोटा, विचार चूक पण नफा. विचार बरोबर होता की नाही हे ठरवताना केवळ त्या दिवशी उपलब्ध असलेली माहिती धरायची. सौद्यानंतर अचानक शुल्क बदलले आणि भाव पडला, तर तो चुकीचा विचार ठरत नाही. सर्वांत काळजीपूर्वक पाहावा तो चौथा खाना. ऐकीव बातमीवर माल घेतला, बातमी खोटी निघाली, पण पावसाने आवक थांबली आणि भाव चढला, असे सौदे पुढच्या वेळी दुप्पट माल घ्यायला लावतात.

पंचवीस-तीस मोठे सौदे पूर्ण झाल्यावर शीटमधील पिव्होट टेबल (आकडे गटवार एकत्र करणारा तक्ता) वापरून कारणाच्या प्रकारानुसार निव्वळ फायदा काढावा. सरासरी क्विंटलमागे काढायची, सौद्यामागे नव्हे. नाहीतर दहा क्विंटलचा नफा आणि दोनशे क्विंटलचा तोटा सारख्याच वजनाचे ठरतात. एका हंगामाचे निष्कर्ष पक्के मानू नयेत, कारण भरपूर पावसाच्या वर्षी जे कारण चालते ते उलट्या वर्षी चालत नाही.

आढाव्यातील आणखी एक तुलना सोपी आहे आणि पैसे लगेच वाचवते. आपल्या यंत्रावरचा ओलावा आणि प्लांटच्या पावतीवरचा ओलावा समोरासमोर ठेवावा. फरक प्रत्येक प्लांटवर वेगवेगळा असेल तर तेथील कटीचा (प्लांट करत असलेल्या कपातीचा) भाग पडतळीत धरावा. सगळीकडे सारखाच एका टक्क्याचा फरक येत असेल तर आपले यंत्र दुरुस्तीला टाकावे.

७. विकत मिळणारी सॉफ्टवेअर आणि त्यांतील सापळे

शेअर आणि वायदे बाजारासाठी सौद्यांची नोंदवही ठेवणारी तयार सॉफ्टवेअर मिळतात. दलालाच्या खात्यातून सौदे आपोआप ओढून घेऊन ती तक्ते बनवतात, परंतु ओलावा, उतारा, बारदाना यांना त्यांत जागा नसते, म्हणून हाजिर मालाच्या व्यापाऱ्याने ती घेण्याचे कारण नाही. वायद्यात उतरलेल्यांनी मात्र घ्यावीत. शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समधील वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला, असे सेबीच्याच पाहणीत आढळले आहे, आणि तेथे नोंदीशिवाय राहणे अधिकच महाग पडते.

जे सॉफ्टवेअर नक्की नफ्याचे संकेत देण्याचे आश्वासन देते, जे प्ले स्टोअरच्या बाहेरून एपीके (अॅप बसवण्याची) फाइल उतरवायला सांगते, किंवा ज्याचा विक्रेता मोबाइलचा पडदा दाखवायला सांगतो, त्याला तेथेच नकार द्यावा. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. एक्स्चेंजच्या पावतीशिवाय चालणारे डब्ब्याचे सौदे बेकायदेशीर आहेत आणि त्यात पैसे अडकले तर तक्रार ऐकून घेणारी यंत्रणाच उपलब्ध नसते.

८. वीज, नेटवर्क आणि किल्ली

यार्डाच्या शेडमध्ये नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून पडतळीची शीट मोबाइलवर ऑफलाइन उघडेल अशी ठेवावी. फॉर्म मात्र नेटवर्कशिवाय जात नाही, तेव्हा त्या वेळची नोंद व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच संदेश म्हणून पाठवावी, म्हणजे लिहिल्याची वेळ राहते. महिन्याच्या शेवटी सर्व शीट्सची एक्सेल प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. भागीदाराला किंवा दिवाणजीला शीट देताना भावनोंदीत बदल करण्याची परवानगी द्यावी, पडतळीत केवळ पाहण्याची. निर्णयवही मात्र ज्याचे पैसे सौद्यात आहेत त्यांनाच दिसावी. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून तिचे राखीव कोड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवावेत, कारण मोबाइल हरवला तर ऐन हंगामात हंगामभराची नोंद त्या कोडशिवाय उघडणे अवघड होते.